कोकणातल्या वकिलाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या धंद्याला दोन हंगाम. एक मे महिना, दुसरा गणपती. चाकरमानी गावाला आले की आरती, भजन आणि वाटपाची बोलणी एकाच पडवीत होतात, आणि गौरी-गणपती पाण्यात गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसायला जागा उरत नाही. परतीची गाडी संध्याकाळची, त्यामुळे वीस वर्षांचा वाद वीस मिनिटांत सांगायचा असतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. ती सर्वसाधारण आहेत. तुमचे कागद न बघता तुमच्या प्रकरणाबद्दल छातीठोक बोलणारा वकील भेटला तर त्याचा चहा प्या आणि निघा.

तुम्ही वकील लोक सरळ ‘हो’ की ‘नाही’ ते का सांगत नाही?

तुम्ही विचारता, ‘चूक कोणाची?’ मला आधी हवं असतं ते वेगळंच: कागद कुठला, तारीख कुठली, सही कोणाची. ‘सगळ्या गावाला माहीत आहे’ हे वाक्य मी रोज ऐकतो. तो सगळा गाव साक्षीच्या तारखेला नेमका लग्नाला गेलेला असतो.

“वकिलांनू, सातबारो माझ्या नावार आसा, मगे जमीन माझी कशी नाय?”

हा प्रश्न मालवणीत, संगमेश्वरीत आणि मुंबईच्या मराठीतही येतो. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. सारा कोणाकडून घ्यायचा आणि जमिनीत काय पिकतं हे सरकारला कळावं म्हणून तो ठेवतात. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. नाव लागल्याने मालकी येत नाही आणि नाव गेल्याने जातही नाही, हे कोर्टांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता आम्ही निकालांची नावंही लिहीत बसत नाही.

मालकी येते खरेदीखतातून, बक्षीसपत्रातून, वाटपातून, वारशातून, कोर्टाच्या हुकूमनाम्यातून, किंवा कूळ म्हणून मिळालेल्या प्रमाणपत्रातून. सातबारा या गोष्टींच्या मागून चालतो. म्हणून मी सातबाऱ्यावरच्या नावांपेक्षा तिथले वर्तुळातले आकडे आधी बघतो. ते फेरफार क्रमांक, म्हणजे नाव चढवल्या-उतरवल्याच्या नोंदीचे नंबर. प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने आलं, तो फेरफार कशावरून झाला, नोटीस कोणाला गेली, हे उलगडत मागे गेलं की गोष्ट कळते. एका प्रकरणात १९६० च्या सुमाराच्या फेरफारात ‘वर्दीवरून नाव कमी केले’ एवढंच लिहिलं होतं. वर्दी, म्हणजे तलाठ्याला खबर, देणारा धाकटा भाऊ, आणि नाव कमी झालेला थोरला तेव्हा मुंबईत गिरणीत. तिसरी पिढी आज त्या चार शब्दांवर भांडतेय.

फेरफार मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील असतं आणि त्याची मुदत ६० दिवस आहे. उशीर झाला तर माफीचा अर्ज देता येतो, पण उशिराचं कारण पटावं लागतं. ‘गावाला आलोच नव्हतो’ हे कारण एकट्याने चालत नाही.

जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे. आता काय करायचं?

आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली असली तरी वारस नोंद करता येते. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. (हल्ली पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असं लिहिलेलं असतं; तोंडात तलाठीच आहे.) फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो.

दोन घोटाळे इथे नेहमी होतात. पहिला: वारस नोंद झाली म्हणजे वाटप झालं असं लोक धरून चालतात. नावं लागली की सगळे फक्त सामाईक होतात. वाटप वेगळं. ते सगळ्यांच्या संमतीने तहसीलदाराकडून कलम ८५ खाली करून घ्या, नोंदणीकृत वाटपपत्राने करा, नाहीतर दिवाणी दाव्याने. आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे तुकडे. जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायला तुकडेबंदी कायदा, १९४७ आडवा येतो. या कायद्यात अलीकडे सारखे बदल होतायत, तेव्हा ताजी स्थिती विचारून घ्या. कोकणात एकेक सर्व्हे नंबरच सात-आठ गुंठ्यांचा. अशा वेळी प्रत्येक तुकडा सहा जणांत चिरण्यापेक्षा अख्खे तुकडे एकेकाला देऊन हिशेब जुळवणं शहाणपणाचं, आणि नेमकं हेच कोणाला नको असतं, कारण सगळ्यांना रस्त्याकडची जागा हवी असते.

दुसरा घोटाळा कागदांचा. बँकेतल्या ठेवी, शेअर्स यांच्यासाठी कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. जमिनीसाठी ते लागत नाही. वारसांबद्दल वाद असेल तर १८२७ च्या रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो. होय, १८२७, पेशवाई जाऊन दहा वर्षं होत होती तेव्हाचा कायदा आम्ही आजही वापरतो.

बहिणीला, आत्याला हिस्सा द्यावा लागतो का? लग्नात सगळं केलं होतं.

लागतो. लग्नात काय केलं याचा हिश्शाशी संबंध नाही. मांडवाचा खर्च वाटपातून वजा होत नाही.

हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्ये केली, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. त्या तारखेला वडील हयात हवेत का, यावर पंधरा वर्षं दोन्ही बाजूंचे निकाल येत राहिले. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपवलं: हक्क जन्माचा, वडील हयात असायची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं आणि विक्री मात्र उघडता येत नाही. आणि वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल, मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, बायको आणि वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळ्यांना सारखा वाटा.

‘पण तिने तलाठ्यासमोर हक्क नको म्हणून सही केलीय.’ तो जबाब म्हणजे हक्कसोडपत्र होत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. गणपतीत आरतीनंतर घाईने घेतलेल्या कोऱ्या कागदावरच्या सह्यांबद्दल मी काही बोलत नाही, त्या कोर्टात काय होतात ते बघितलंय.

हाच प्रश्न उलट्या बाजूनेही येतो, आणि तो दबक्या आवाजात येतो: मागितलं तर माहेर तुटेल का? कायद्यात याचं उत्तर नाही. तुटलेली माहेरं मी पाहिलीत. भावाने नंतर स्वतः येऊन वेगळी विहीर काढून दिलेलीही पाहिलीत. एवढं सांगतो की दावा लावण्याआधी एक साधं पत्र लिहा, आणि महाराष्ट्रात मिळकतीच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे. ही माफी माहीत नसल्यामुळे खर्चाच्या भीतीने गप्प बसलेल्या बायका दर महिन्याला भेटतात.

मुसलमान घरांत हिशेब वेगळा आहे. मुलीला मुलाच्या निम्मं, आणि मृत्युपत्राने इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागतो, तिथे मुलगा-मुलगी सारखे.

चुलत भाऊ बारा वर्षं गावाला एकटाच कसतोय. जमीन त्याची झाली का?

बारा वर्षांचा नियम खरा आहे, तो परक्याने तुमच्या विरोधात उघड ताबा ठेवला तर. सामाईकात एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने ताबा मानतात. त्याने तुमचा हक्क उघडपणे नाकारला, तुम्हाला हाकललं, आणि त्यानंतर बारा वर्षं गेली, असं त्याला सिद्ध करावं लागेल. नुसती आंब्याची कलमं लावली, आंबे विकले आणि सारा भरला एवढ्याने भागत नाही.

पण गावाला राहणाऱ्याचीही बाजू आहे. मुंबईचे तीन भाऊ वीस वर्षं फिरकले नाहीत, त्याने कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, माती आणून टाकली, कलमं जगवली, आणि बाग धरायला लागल्यावर तिघांना गाव आठवलं. वाटपात कोर्ट अशी सुधारणा लक्षात घेऊ शकतं. शक्य असेल तर ज्याने बाग केली त्याच्या वाट्याला ती बाग टाकतं. म्हणून खर्चाच्या पावत्या जपा. रोपवाटिकेची पावतीसुद्धा.

एका भावाने आपला हिस्सा परस्पर बाहेरच्याला विकला. राहत्या घरात तो माणूस येईल का?

सामाईकातला आपला अविभाजित हिस्सा विकता येतो, त्याला इतरांची सही लागत नाही. पण राहत्या कुटुंबाच्या घराला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ ने संरक्षण आहे: परका खरेदीदार तुमच्याबरोबर घरात ताबा मागू शकत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागेल, आणि तो लावला की १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला तुम्हीच घेण्याची मागणी करू शकता. शिवाय वारशाने आलेल्या मिळकतीत कोणी हिस्सा विकत असेल तर बाकी वारसांचा पहिला हक्क आहे, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २२. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का तेही तपासा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव आहे. ते कधी जाणार? (किंवा: आमचं नाव कूळ म्हणून आहे, आम्ही मालक कधी होणार?)

हा प्रश्न एकाच जमिनीसाठी, एकाच आठवड्यात, दोन्ही बाजूंनी आलेला आहे. दुसऱ्याला अर्थातच दुसरा वकील गाठावा लागला.

कोकणात हा वाद नुसता कागदाचा नाही. इथे खोती होती. खोत गावाचा सारा वसूल करी आणि कसणाऱ्याकडून अर्धल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, घेई. चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं ओसाड ठेवून संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा प्रत्यक्ष आला १९४९ मध्ये. त्याआधी १९४८ चा कूळकायदा आला होता, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन: त्या दिवशी जमीन कसत असलेलं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पुढची पायरी किंमत ठरवण्याची, म्हणजे कलम ३२ ग ची चौकशी. किंमत भरली की ३२ म चं प्रमाणपत्र. शेकडो प्रकरणं या दोन पायऱ्यांच्या मध्येच अडकली. कूळ मुंबईला गेलं, किंमत भरलीच नाही, खोताच्या वारसांनीही विचारलं नाही. जमिनीला रस्ता आला तेव्हा दोघांना जाग आली.

कूळ असाल तर जुने सातबारे काढा, विशेषतः १९५५ ते १९६० चे पीकपाण्याचे, आणि ३२ ग ची फाईल तहसील कार्यालयात शोधा. मालक असाल तर त्या काळात ताबा कोणाचा होता ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ‘कूळ आहे की नाही’ हे ठरवण्याचा अधिकार तहसीलदाराचा आहे, दिवाणी कोर्टाचा नाही. दाव्यात तो मुद्दा निघाला तर कोर्ट तेवढा प्रश्न तहसीलदाराकडे पाठवतं. चुकीच्या दारात दहा वर्षं काढलेली माणसं आहेत.

प्रमाणपत्र मिळालेल्या जमिनीवर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विकता येते. आपल्याकडे आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे ४० पट म्हणजे बहुतेकदा एका जेवणाचा खर्च. तरीही लोक एजंटाला हजारो रुपये देतात.

शेजाऱ्याने वाटेवर गडगा (दगडी कुंपण) घातला. काय करू?

गडगा पाडू नका. पाडलात तर वाटेचा वाद बाजूला राहतो आणि तुमच्यावर गुन्हा येतो.

तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दावा लावा. स्वस्त आहे, तिथे निकाल तुलनेने लवकर मिळतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. मे महिन्यात अडवलेली वाट गणपतीत बघून ‘दिवाळीत आलो की करू’ म्हणणारे इथे हरतात. मुदत गेली तर दिवाणी कोर्ट. तिथे वहिवाटीचा हक्क सांगायचा तर वीस वर्षांचा उघड, बिनविरोध वापर दाखवावा लागतो. वाट मुळातच नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली शेतात जायला बांधावरून रस्ता मागता येतो. बांधावरून, शेजाऱ्याच्या खळ्यातून गाडी न्यायला नाही.

आणि ‘आजोबांच्या वेळी तोंडी ठरलं होतं’ ही परवानगी असते, हक्क नव्हे. परवानगी देणारा ती काढून घेऊ शकतो.

हद्दीचा गडगा सरकवलाय असं वाटतं.

वाटून उपयोग नाही. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, लगतदारांना नोटीस गेली का बघा, आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत घेतल्याशिवाय विषय सोडू नका.

त्याच्या जमिनीत आमचा आंबा आहे. आंबे कोणाचे?

इतर हक्कात झाड तुमच्या नावाने असेल तर तुमचे. नसेल तर झाड साधारणपणे जमीनवाल्याचं. तोडायचा विचार असेल तर थांबा: आंबा, फणस, साग, खैर, किंजळ, ऐन ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, परवानगी लागते, मग जमीन कोणाचीही असो.

किनाऱ्यालगत जागा आहे. होमस्टे बांधू का?

ग्रामपंचायतीचा ठराव हातात घेऊन येतात, म्हणून आधी तेच सांगतो: तो ठराव म्हणजे सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी नव्हे. सातबाऱ्यावर सीआरझेड लिहिलेलंही नसतं.

पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११, आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची. मोजमाप उच्चतम भरतीरेषेपासून होतं. ती रेषा आज पाणी कुठे येतं यावरून किंवा शेजारच्या रिसॉर्टवाल्याच्या बोटावरून ठरत नाही, मंजूर नकाशावरून ठरते. समुद्राच्या बाजूला ग्रामीण भागात ५०० मीटरपर्यंत नियम लागतात, आणि त्यातले पहिले २०० मीटर साधारणपणे नवीन बांधकामाला बंद. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आलं, पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं. आपली वाडीवाडीने विखुरलेली बहुतेक गावं त्यात बसत नाहीत. खाडीलाही नियम आहेत, आणि कांदळवन असेल तर त्याला हातच लावायचा नाही.

बांधून टाकू, नंतर नियमित करू, असा सल्ला देणारे भरपूर आहेत. पाडकामाच्या नोटिशीला उत्तर द्यायची वेळ आली की त्यांचा फोन लागत नाही.

मुखत्यारपत्रावर जमीन घेतली. चालेल ना?

सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालानंतर हा प्रश्न उरायला नको होता. मुखत्यारपत्राने किंवा साठेखताने (विक्रीच्या नुसत्या कराराने) मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत लागतं. मुखत्यारपत्र देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. मुंबईच्या काकांनी दिलेल्या मुखत्यारपत्रावर, काकांचं तेरावं झाल्यावर केलेली खरेदीखतं मी पाहिली आहेत.

मृत्युपत्र करायला काय लागतं?

एक कागद, शुद्धीवर असलेला माणूस आणि दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करा; नंतर ‘सही आमच्या बाबांची नव्हेच’ म्हणणाऱ्यांचं काम थोडं अवघड होतं. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करताना दोघांपैकी निदान एक उभा करावा लागतो, आणि लोक मात्र सत्तरीचे दोन मित्र आणतात. ज्याला मिळकत द्यायचीय त्याला साक्षीदार करू नका. डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा जोडा.

वडिलोपार्जित सामाईकात तुमचा जेवढा हिस्सा, तेवढ्याचंच मृत्युपत्र करता येतं. सगळं घर लिहून दिलं तरी बाकीच्यांचे हिस्से जागेवर राहतात.

आंब्याच्या व्यापाऱ्याचा चेक परत आला.

इथे दिवस मोजायचे, भावना नंतर. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. परक्राम्य संलेख (चेक-हुंडीच्या) कायद्याचं कलम १३८, शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. आणि चांगली बातमी: २०१५ च्या दुरुस्तीपासून ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. देवगडच्या बागायतदाराला वाशीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, वाशीवाल्याला देवगडला यावं लागतं. एवढं कळल्यावर बरेच व्यापारी कोर्टाबाहेर मिटवतात.

‘पुढच्या मोसमात वळतं करतो’ यावर विसंबून नोटिशीचे ३० दिवस घालवू नका. दर पावसाळ्यात दोघं-तिघं असे येतात.

हायवेच्या भरपाईचे सगळे पैसे भावाने उचलले.

भरपाईचं वाटप व्हायच्या आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत द्यायला हवी होती. मग हिश्शाचा वाद राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३ एच खाली दिवाणी कोर्टाकडे गेला असता. आता भावावर वसुलीचा दावा. पैसे अजून पडलेले असतील तर हे वाचणं थांबवा आणि आज हरकत द्या.

पोलीस तक्रार घेत नाहीत. / पोलिसांनी ‘सहज’ बोलावलंय.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी, आणि त्याची प्रत फुकट मिळते. घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की बहुतेक अदखलपात्र, म्हणजे एनसी. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात तपास होत नाही. बांधावरच्या भांडणात दोघांनी एकमेकांवर एनसी केली की पुढे दोघांवर ‘चॅप्टर’ येते आणि शांततेच्या बंधपत्रासाठी दोघे एकाच बाकावर बसतात.

बोलावणं आलं तर नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा ६० वरच्या माणसाला घराबाहेर बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यायचा.

शिमग्यात पालखीचा मान आमचा होता, दुसऱ्यांनी घेतला. दावा लावता येईल?

देवस्थानात काही पद असेल, त्याला उत्पन्न किंवा जमीन जोडलेली असेल, तर दिवाणी कोर्ट ऐकतं. नुसता मान, म्हणजे पालखी आधी कोणाच्या दारात नाचणार, पहिला नारळ कोणाचा, हे कोर्ट सहसा ऐकत नाही. होळीच्या आदल्या दिवशी मनाई हुकूम मागायला येऊ नका. येतात.

मात्र मानाच्या भांडणातून घर वाळीत टाकलं, पाणी तोडलं, दुकानातून माल बंद केला, मयताला कोणी जायचं नाही असं ठरवलं, तर विषय बदलला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराच्या बैठकीत बाजूने मत देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि हे गावकीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवलं की सभा बऱ्याचदा तिथेच संपते.

बायको गोव्याची, लग्न गोव्यात नोंदवलंय. काही फरक पडतो?

पडतो. बांदा ओलांडला की पोर्तुगीजकालीन नागरी संहिता. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरतात आणि विकताना दोघांच्या सह्या लागतात. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांनी हे दोन्हीकडचं जाणणाऱ्या वकिलाला विचारावं.

वकिलाचे पैसे नाहीत.

बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, अपंग, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन १५१००. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी वाचा.

हायकोर्टाच्या कामाला रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. घाट चढायचा, एवढंच. रायगडकरांची मुंबई कायम.

पहिल्या भेटीला काय आणू?

सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), असतील तितके फेरफार, घरपट्टीची पावती, जुनी खरेदीखतं, मृत्यूचे दाखले, वंशावळ. आणि माळ्यावर आजीची पत्र्याची पेटी असेल तर ती अख्खी आणा. मोडी कागद कळत नाही म्हणून घरी ठेवू नका, वाळवीने खाल्लेला म्हणून टाकू नका. परवा एकजण पेटीतले ‘कामाचे’ कागद निवडून प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आले. १९५८ ची पीकपाण्याची नक्कल घरी चुलीजवळ राहिली होती, आणि प्रकरण सगळं तिच्यावर. संध्याकाळची गाडी सोडून ते ती आणायला परत गेले.